निसान वन टनला डिझेल इंजिन: बसवावे का, आणि बसवायचे तर कोणते?

कोयनाकाठ

नमस्कार. आमच्याकडे जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेली, सैन्यातून लिलावात निघालेली निसान वन टन आहे. लिलावात ज्यांनी घेतली त्यांच्याकडून वडिलांनी ती विकत घेतली, आणि तेव्हापासून ती पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगरातील शेतावर खत, विटा आणि पाण्याची टाकी वाहते. पावसाळ्यात जिथे ट्रॅक्टरही माघार घेतो तिथे ही गाडी फोर बाय फोर टाकून निमूटपणे चढते, त्यामुळे ती विकण्याचा विचार घरात कोणीही करत नाही.

अडचण इंजिनाची आहे. मूळचे सहा सिलिंडरचे 3,956 सीसीचे पेट्रोल इंजिन लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर एवढेच देते. गेल्या वर्षापासून गाडी तापल्यावर सेल्फ मारूनही चटकन सुरू होत नाही, कार्ब्युरेटरच्या सांध्यांतून पेट्रोल पाझरते आणि केबिनमध्ये सतत वास येतो. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की हे इंजिन उतरवून आयशर कँटरचे 3.3 लिटरचे डिझेल इंजिन टाकावे. इंजिन, ते गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट, चेसिसवर बसवायचे फाउंडेशन आणि मजुरी धरून त्यांनी साडेतीन लाखांचा अंदाज दिला आहे. गाडी वर्षाला फार तर अडीच हजार किलोमीटर चालते, त्यातले निम्मे शेतात आणि निम्मे सार्वजनिक रस्त्यावर.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कँटरचे इंजिन योग्य की त्याहून चांगला पर्याय आहे? मूळचा गिअरबॉक्स ठेवावा की डिझेल इंजिनासोबतचा घ्यावा? आणि आरसी बुकात इंधन पेट्रोल असे लिहिलेले असताना आरटीओत पुढे काय होते? ज्यांनी हे काम स्वतः केले किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना फिटर

मी ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालो आणि नोकरीची बरीच वर्षे याच गाड्यांच्या बॉनेटखाली गेली, म्हणून आपण विचारलेल्या तीन प्रश्नांच्या आधी न विचारलेल्या चौथ्याला हात घालतो.

आपलाच हिशोब मांडून पाहा. अडीच हजार किलोमीटरला लिटरमागे 4 किलोमीटर धरले तर 625 लिटर पेट्रोल लागते, म्हणजे 104 रुपयांच्या दराने 65,000 रुपये. डिझेल इंजिनाने 8 किलोमीटर दिले असे उदारपणे धरले तरी साधारण 312 लिटर लागतील आणि 91 रुपयांच्या दराने त्याचे 28,400 रुपये होतील. वर्षाची बचत 36,600 रुपये. साडेतीन लाख त्यातून फिटायला साडेनऊ वर्षे लागतात, आणि मिस्त्रींचा अंदाज शेवटच्या दिवशीही साडेतीन लाखच राहिला असे मी उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही. तेव्हा केवळ इंधनासाठी हा खटाटोप करू नये. चढावर इंजिनाच्या कमी फेऱ्यांत मिळणारी ओढ, पाण्यातून जाताना प्लग आणि डिस्ट्रिब्यूटर भिजण्याची नाहीशी होणारी भीती, या कारणांसाठी करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आपण सांगितलेली लक्षणे बहुतांशी इंजिनाची नाहीतच, इंधनमार्गाची आहेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. त्या काळच्या पंपाचा डायफ्रॅम, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, कडक होतात आणि पाझरू लागतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. त्यातच यांत्रिक पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून बसलेला असल्यामुळे तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची वाफ होते आणि सेल्फ कितीही मारला तरी नळीतून वाफच येत राहते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि डायफ्रॅम, चेसिसवर टाकीजवळ बसवलेला विजेचा पंप, एक माप मोठा जेट आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे एवढे आधी करून पाहावे.

त्यानंतर सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडे एकमेकांच्या जवळ असले तर हे इंजिन उतरवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. शिवाय चारही चाके उचलून हाताने फिरवून पाहावीत, कारण ब्रेकचे लायनर ड्रमला घासत असल्यामुळे ॲव्हरेज खाणाऱ्या आणि त्याचे खापर बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर फोडलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत.

लेथवाला, कोल्हापूर

काकांचा हिशोब मला पूर्ण मान्य आहे, तरी प्रश्नकर्त्याने ठरवलेच तर काय काय समोर येईल ते लिहितो. आमचे शिरोलीला लहानसे वर्कशॉप आहे. वन टनवर मी स्वतः काम केलेले नाही. परंतु जोंगा, म्हणजे त्याच 3,956 सीसी इंजिनाची धाकटी गाडी, आमच्याकडे दोनदा डिझेलसाठी आली होती. (सैन्यातल्याच शक्तिमान ट्रकच्या मालकांना या भानगडीत पडावे लागत नाही, कारण ती मूळचीच डिझेल आहे.)

इंजिन कोणते हा प्रश्न लोक सीसीवरून सोडवतात. टाटाचे 497 म्हणजे 2,956 सीसी, कँटरचे मित्सुबिशी 4डी31 म्हणजे 3,298, स्वराज माझदाचे 3,455 आणि लेलँड कार्गोमधले हिनो डब्ल्यू04डी म्हणजे 3,839. कागदावर हिनो मूळ इंजिनाच्या सर्वांत जवळ येते, आणि एक टन माल घेऊन घाट चढायचा असेल तर माझा कौल हिनो किंवा माझदाकडे पडेल. महिंद्राच्या जीपमधले 2,498 सीसीचे प्यूजो इंजिन स्वस्तात मिळते म्हणून कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा; ते जीपसाठी गुणी असले तरी या गाडीला ते दुसऱ्या गिअरमध्येच कुंथत ठेवावे लागेल. कँटरचे इंजिन वाईट नाही. त्याचे सुटे भाग कराडलाही मिळतील, आणि रोजच्या वापरात या गोष्टीला सीसीपेक्षा जास्त किंमत आहे.

परंतु इंजिन निवडण्याआधी एक मोजमाप करावे लागते, आणि नेमके तेच कोणी करत नाही. पेट्रोल इंजिन मिनिटाला 3,500 फेऱ्यांच्या पुढेही ओढता येते, तर या वर्गातल्या डिझेल इंजिनांना गव्हर्नर साधारण 2,800 ते 3,200 च्या दरम्यान अडवतो. मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधले क्राउन-पिनियनचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा) किती वेळा फिरतो तो आकडा, पेट्रोल इंजिनासाठी निवडलेले असल्यामुळे डिझेल बसवल्यावर गाडीचा वरचा वेग त्या प्रमाणात खाली येतो. चाकाचा जमिनीवरचा एक फेरा खडूची खूण करून मोजावा. तो 2.8 मीटर भरला आणि गुणोत्तर उदाहरणादाखल 5 धरले, तर टॉप गिअरमध्ये ताशी 60 किलोमीटरला इंजिन सुमारे 1,790 फेऱ्यांवर असते आणि 2,800 फेऱ्यांना 94 किलोमीटर मिळतात. एवढे शेतावरच्या गाडीला पुष्कळ झाले. गुणोत्तर 6 निघाले तर तीच गाडी 78 किलोमीटरला थांबते, आणि महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचे शिव्याशाप ऐकावे लागतात. गुणोत्तर मोजण्यासाठी हाउसिंग उघडायची गरज नाही: मागची दोन्ही चाके उचलून ती एकत्र एकदा फिरवावीत आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजावे.

आता गिअरबॉक्स. मूळचा ठेवला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी), शाफ्ट, गिअरची दांडी आणि हँडब्रेक यांना हात लावावा लागत नाही, फक्त इंजिन आणि बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचे क्लचवरचे कवच) यांच्यामध्ये प्लेट येते. या ‘फक्त’वर माझा एक महिना गेला आहे. पहिल्या जोंगाची प्लेट मालकाने दुसऱ्याच एका ठिकाणी गॅस कटरने कापून आणि अंदाजाने भोके पाडून आणली होती. आम्ही ती तशीच बसवली ही आमची चूक. चार महिन्यांत इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग चुरा होऊन बाहेर आले, इनपुट शाफ्टचे दात झिजले आणि क्लच सुटेनासा झाला. क्रँकचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत असायला हवेत, आणि हे डोळ्यांनी कळत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगच्या भोकाभोवती क्रँक फिरवायचा. काट्याची एकूण हालचाल पाव मिलिमीटरच्या आत, शक्यतो त्याच्याही निम्मी हवी. तेवढी आली की डॉवेल पिना ठोकायच्या, कारण बोल्ट प्लेटला आवळून धरतात, जागेवर आणत नाहीत. क्लच प्लेट मधल्या स्प्रिंगांचीच घ्यावी. चार सिलिंडरचे डिझेल अर्ध्या फेऱ्याला एक असा जबर ठोका देते, आणि सहा सिलिंडरच्या मऊ पेट्रोल इंजिनावर वाढलेल्या गिअरबॉक्सला त्याची सवय नसते.

डिझेल इंजिनासोबतचा गिअरबॉक्स घेण्याचा मार्ग तेव्हाच सोपा पडतो, जेव्हा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसून मधल्या लहान शाफ्टने जोडलेली असते. गाडीखाली पडून पाहिले की कळेल. त्या वेळी प्लेटची गरजच उरत नाही, लहान शाफ्ट नव्या मापाचा करून घेतला की झाले. मात्र क्रॉस-जॉइंटचे दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवावेत, नाहीतर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरू लागते.

चेंबरकडे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याकडे, मिस्त्री सर्वांत शेवटी पाहतात आणि तिथेच काम अडते. कँटर, माझदा, कार्गो या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. त्यांच्या इंजिनाखाली पुढच्या ॲक्सलची हाउसिंग नसते. आपल्या गाडीला ती आहे, आणि खड्ड्यात पाटे पूर्ण दबले की ती वर येते. उभ्या गाडीत दोन इंच मोकळी जागा दिसली म्हणून समाधान मानू नये. पाट्यांचे रबरी थोपे हाउसिंगला टेकेपर्यंत गाडी दाबून, निदान तेवढे अंतर मोजून, मगच चेंबर कापून नवा करायचा की इंजिन वर उचलायचे ते ठरवावे. चेंबरचा आकार बदलला की ऑइल पंपाची जाळीही नव्या खोलगट भागात न्यावी लागते, नाहीतर तीव्र चढावर ती हवा ओढते आणि क्रँकची बेअरिंगे जातात. या कामात सोयीची गोष्ट एकच की चार सिलिंडरचे इंजिन सहाच्या मानाने आखूड असल्यामुळे मागची बाजू गिअरबॉक्सला धरून ठेवली तरी पुढे जागा उरते. फक्त पंखा रेडिएटरपासून लांब पडतो. त्याला घेर करावा किंवा रेडिएटर मागे घ्यावा.

ब्रेकचे राहिलेच. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमही नसतो. इंजिन घेताना मागे व्हॅक्यूम पंप असलेला त्याचा आल्टरनेटर सोबत घ्या आणि नळी जोडून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका. आमची दुसरी जोंगा ट्रायलला निघाली तेव्हा ही नळी जोडायची राहिली होती; समोरच्या उसाच्या ट्रॉलीच्या वीतभर अलीकडे थांबली.

किल्ली बंद केल्याने डिझेल बंद होत नाही, त्यासाठी पंपावरच्या स्टॉप लीव्हरला केबल किंवा सोलेनॉइड हवा. टाकी उतरवून पूर्ण सुकवून घ्यावी, कारण डिझेल पंपाला वंगण डिझेलचेच असते आणि उरलेले पेट्रोल ते धुऊन टाकते. टाकीला रिटर्न नळीसाठी एक तोंड वाढवावे लागेल. गाडीची वायरिंग 12 व्होल्टची की 24 ची हे पाहूनच सेल्फ निवडावा. चेसिसला वेल्डिंग करू नये, फाउंडेशनचे ब्रॅकेट उभ्या बाजूला बोल्टने बसवावेत.

घाटवाट

माझा एक भाबडा प्रश्न. गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते ना? मग इंजिनाची भानगड कोणी विचारणार नाही, असे मला वाटते.

कागदी घोडा

असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु नेमके उलट होईल. व्हिंटेज वाहनांचे नियम 2021 मध्ये आले. ते दुचाकींना आणि एम1 वर्गातील, म्हणजे प्रवासी चारचाकी वाहनांना लागू आहेत. मालवाहू वन टन त्यात बसत नाही. जोंगा कदाचित बसेल, पण 50 वर्षे पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची असतात, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा ही तर मूळ अटच आहे. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. खत वाहायला नव्हे.

आता प्रश्नकर्त्यांचा मुद्दा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनावर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची सवलत त्याच कलमात आहे, आणि अनेकजण तिचा आधार घेऊन पेट्रोलचे डिझेल करता येते असे सांगतात. सीएनजीच्या किटला ती लागू पडते. दुसऱ्याच कंपनीच्या ट्रकमधून काढलेले अख्खे इंजिन म्हणजे किट नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

दंडापेक्षा विम्याची काळजी अधिक करावी. अपघातानंतर सर्वेक्षक चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक पाहतो. आरसीत सहा सिलिंडरचे पेट्रोल आणि बॉनेटखाली चार सिलिंडरचे डिझेल निघाले तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळते, आणि गावच्या रस्त्यावर कोणाला इजा झाली असली तर तो भार थेट आपल्यावर येऊ शकतो. गाडी केवळ स्वतःच्या कुंपणाच्या आत चालवली तरी नोंदणीची सक्ती सुटत नाही, कारण कलम 39 मध्ये सार्वजनिक जागेसोबत ‘इतर कोणतीही जागा’ असेही म्हटले आहे. आपण तर निम्मे चालवणे रस्त्यावर आहे असे लिहिले आहे. म्हणून मिस्त्रींना विसार देण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. खिडकीबाहेरचा एजंट ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो त्याला कागदावर काही किंमत नसते.

इंजिन भंगार बाजारातून घेणार असाल तर आणखी एक गोष्ट: ते ज्या गाडीतून निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि रीतसर बिल मागावे. घासलेला क्रमांक असलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घरात आणू नये.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे कॉम्प्रेशन तपासले. पाच सिलिंडर जवळजवळ सारखे आले, सहावा थोडा कमी आहे. त्याच्या व्हॉल्व्हचा टॅपेट फार आवळलेला निघाला, तो सोडवून पुन्हा मोजणार आहे. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक खरोखरच घासत होता. विजेचा पंप आणि नळ्या मागवल्या आहेत. आरटीओत अर्जही दिला आहे, त्यामुळे इंजिनाचा व्यवहार तूर्त थांबवला.

लेथवाले दादा, आपण सांगितलेले मोजमाप मात्र माझ्याकडून जमलेले दिसत नाही. चाकाचा फेरा बरोबर 2.8 मीटर भरला. जॅक एकच असल्यामुळे मागचे उजवे चाक उचलले, ट्रान्सफर केस न्यूट्रल केली आणि चाक एकदा फिरवले, तर प्रोपेलर शाफ्ट जेमतेम पावणेतीन वेळा फिरला. या आकड्याने 2,800 फेऱ्यांना ताशी 170 किलोमीटरहून जास्त वेग निघतो. आमची गाडी उतारावरही ऐंशीच्या पुढे गेलेली मला आठवत नाही. चूक कुठे झाली?

लेथवाला, कोल्हापूर

चूक जॅकच्या संख्येत आहे. एक चाक जमिनीवर धरलेले असताना दुसरे एकदा फिरवले की डिफ्रन्शियलचा (दोन चाकांत फेरे वाटणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा अर्धाच फिरतो, म्हणून शाफ्टचे फेरेही निम्मे दिसतात. आपल्या आकड्याची दुप्पट करा: साडेपाच. त्या हिशोबाने 2,800 फेऱ्यांना साधारण 85 किलोमीटर आणि ताशी 60 ला सुमारे 1,960 फेऱ्या येतात. खात्रीसाठी तेच चाक दहा वेळा फिरवून शाफ्टचे फेरे मोजा आणि पाचने भागा, म्हणजे पाव फेऱ्याचा अंदाजही चुकणार नाही. जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावायला विसरू नका, कारण ट्रान्सफर केस न्यूट्रल असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी थांबत नाही, आणि हँडब्रेक चाकांवर आहे की शाफ्टवर हे आपण पाहिलेले दिसत नाही.